कळलें, परंतु वळलें नाहीं

(ग्रेनफेल टॉवर चौकशी समितीचा अंतिम अहवाल. सात खंड. लंडन, सप्टेंबर २०२४.)

सरकारी अहवालाचें परीक्षण वाङ्मयीन मासिकांत कशाला, अशी शंका आमच्या कांहीं वाचकांस येईल. सुमारें सतराशें पानांचा हा ग्रंथ वाचीत असतां आम्हांस ती उरली नाहीं. अधिकारारूढ मनुष्य नको असलेलें सत्य कसें टाळतो, याचें इतकें तपशीलवार चित्र कादंबऱ्यांतूनही क्वचितच आढळतें.

१४ जून २०१७ रोजीं मध्यरात्रीनंतर लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या चोवीस मजली इमारतींत, चौथ्या मजल्यावरील एका स्वयंपाकघरांत रेफ्रिजरेटरनें पेट घेतला. एरवीं अशी आग त्या घरापुरतीच राहावयाची. परंतु नुकत्याच झालेल्या नूतनीकरणांत इमारतीस बाहेरून ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचें जें आवरण चढविलें होतें, त्याच्या पोटांत पॉलिइथिलीन हें ज्वालाग्राही द्रव्य होतें. आग खिडकीवाटे त्या आवरणास भिडली, आणि ७२ माणसें प्राणांस मुकलीं. सर मार्टिन मूर-बिक यांच्या समितीनें २०१९ मध्यें प्रसिद्ध केलेला पहिला भाग त्या रात्रीचा होता. प्रस्तुत भाग त्या रात्रीपूर्वीच्या तीन दशकांचा आहे.

त्या दशकांची हकीकत हाच ग्रंथाचा गाभा होय. १९९१ मध्यें नोझ्ली हाइट्स या इमारतीची आग बाह्य आवरणामागून वर चढली. १९९९ मध्यें स्कॉटलंडांत गार्नक कोर्ट येथें तोच प्रकार झाला, आणि नियम कडक करण्यासाठीं पुष्कळ माणसें मरण्याची वाट पाहूं नये, अशा आशयाचा इशारा पार्लमेंटच्या समितीनें दिला. २००१ मध्यें सरकारनेंच करविलेल्या चाचणींत पॉलिइथिलीनयुक्त पत्रे भडकून जळाले. तो निष्कर्ष गुप्त राहिला व नियम होते तसेच राहिले. २००९ मध्यें लॅकनल हाउसच्या आगींत सहा जण दगावले, त्यांत तीन मुलें होतीं. २०१३ मध्यें मृत्युचौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानें अग्निसुरक्षेची मार्गदर्शिका सुधारण्याविषयीं मंत्र्यांस लिहिलें. सभासदांचा एक गटही मंत्र्यांमागून मंत्र्यांस पत्रें लिहीत राहिला. मार्गदर्शिका मात्र २०१७ पर्यंत सुधारली गेली नाहीं.

सुधारणा अशक्य होती काय? आगीनंतर सुमारें दीड वर्षांतच, १८ मीटरहून उंच नव्या निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींत ज्वालाग्राही द्रव्यें वापरण्यास बंदी झाली. जें ७२ मरणांनंतर साधलें, तें सहा मरणांनंतर साधलें नाहीं, इतकाच याचा अर्थ.

उत्पादकांच्या अप्रामाणिकपणावर अहवाल सडेतोड लिहितो; वास्तुशिल्पी, ठेकेदार, नगरपालिका यांचीही तो गय करीत नाहीं. नियम कमी करण्याच्या धोरणानें खात्याला असें घेरलें होतें कीं, जीविताचे प्रश्नही मागें पडले, हें तो स्पष्ट सांगतो. इमारतींचे नियम या काटछाटींतून वगळलेले होते, ही तत्कालीन मंत्री एरिक पिकल्स यांची साक्ष तत्कालीन कागदपत्रांशीं जुळत नाहीं, असाही त्याचा निर्णय आहे.

तरीही आमची एक तक्रार उरते. दोष इतक्या जणांत वांटला गेला आहे कीं, वाचकाच्या मनांत त्यांची उतरंड राहत नाहीं. दिवाणी वा फौजदारी दायित्व ठरविण्यास समितीला कायद्याची मनाई आहे, हें आम्ही जाणतों. पण नैतिक तारतम्यास तशी मनाई नव्हती. सर्व देशास लागू होणारी मार्गदर्शिका एका तुलनेनें कनिष्ठ अधिकाऱ्याच्या हातीं, पुरेशा देखरेखीवांचून, सोपविलेली होती. मंत्र्यानें प्रत्येक पत्र्याची परीक्षा करावी, असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु कोणत्या कामास किती माणसें द्यावयाचीं, आणि कोणता इशारा टेबलावर पडून राहिला तरी चालेल, हें मंत्रीच ठरवितो. त्याचें दुर्लक्ष हाही एक निर्णयच असतो.

अहवालाच्या ५८ शिफारशींत एकच नियामक व एकच उत्तरदायी मंत्री असावा, ही सूचना लक्षवेधी आहे. आम्हांस मात्र दुसरीच एक साधी सूचना अधिक मोलाची वाटते. चौकशी समित्या, पार्लमेंटच्या समित्या व मृत्युचौकशी अधिकारी यांनीं केलेल्या शिफारशींची सरकारनें जाहीर नोंद ठेवावी, आणि प्रत्येकीपुढें काय केलें, अथवा कां केलें नाहीं, तें लिहावें, अशी ती सूचना आहे. अशी नोंदवही २०१३ मध्यें असती, तर लॅकनलच्या पत्रापुढील रिकामी जागा कोणाही नागरिकास दिसली असती.

फेब्रुवारी २०२५ मध्यें सरकारनें सर्व शिफारशी पूर्णतः किंवा तत्त्वतः मान्य केल्या. मान्यता आणि अंमल यांच्यामधील अंतर केवढें असूं शकतें, हें तर या सात खंडांनींच दाखविलें आहे. उंच इमारतींत संसार थाटलेल्या आमच्या वाचकांनीं सर्व नाहीं तरी इशाऱ्यांचीं हीं प्रकरणें अवश्य वाचावींत, आणि आपल्या प्रतिनिधीस आगीपूर्वीच विचारावें : आपणांपुढें आलेल्या कोणत्या इशाऱ्यास अद्याप उत्तर दिलेलें नाहीं?