नव्वद आणि दीडशे

किल्ला उंचावर बांधतात तो नजरेच्या भरवशावर. तुमसरजवळचा आंबागड तसाच. 1700च्या सुमारास देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या सरदाराने, राजखान पठाणाने उभारलेला. तिथून साठेक किलोमीटर पूर्वेला, गोंदियाच्या बिरसी विमानतळावर, पोरंपोरी शिकतात ती विद्या नेमकी उलटी. नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूटच्या छोट्या डायमंड विमानांत विद्यार्थ्याच्या डोळ्यांवर आडोसा येतो. उपकरणांचं पॅनेल तेवढं दिसतं, बाहेरचं जग बंद. बाहेर बघायचं ते शेजारच्या शिक्षकाने.

या सरावातला सर्वांत देखणा प्रकार आयएलएस अप्रोच, म्हणजे रेडिओलहरींच्या आधाराने धावपट्टीकडे उतरणं. नागपूरच्या 32 क्रमांकाच्या धावपट्टीवर तो आहे. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाचा अँटेना एकाच रेडिओलहरीवर दोन कंपनं पाठवतो, सेकंदाला 90 आणि 150. उतरणाऱ्याच्या डावीकडे 90चा जोर, उजवीकडे 150चा. दोन्ही समसमान झाली की पॅनेलवरची दिशेची सुई मध्यावर. उंचीच्या सुईचाही हाच खेळ: वर राहिलात तर 90, खाली घसरलात तर 150, मधला उतार साधारण 3 अंशांचा. गाण्याचा कान असलेल्याने इथे थांबावं. 150 आणि 90 यांचं प्रमाण 5:3, म्हणजे षड्जाला शुद्ध धैवत! वैमानिकाला यातलं काही ऐकू येत नाही, हा भाग वेगळा.

खरा रस सुई हलल्यावर. नवखा तिच्या मागे धावतो; विमान लोटतो, सुई परत येते आणि न थांबता दुसऱ्या बाजूला निघून जाते. मुरलेला दिशा दोन-तीन अंशांनी बदलतो आणि वाट बघतो. धावपट्टी जवळ येते तशी ही अदृश्य वाट निमुळती होते, म्हणून चूक लांबवरच मिटवावी लागते. त्यात विदर्भातली वैशाखातली दुपार असेल, तर तापल्या जमिनीवरून उसळणारी हवा विमानाला स्वस्थ बसू देत नाही. आणि शरीर? ते सरळ खोटं बोलतं. लांबलेल्या वळणाची अंतर्कर्णाला सवय होते. विमान सरळ केलं की उलट बाजूला वळल्याचा भास होतो. अशा वेळी पॅनेलवरच्या कृत्रिम क्षितिजावर विश्वास ठेवायचा, स्वतःवर नाही.

धावपट्टीपासून 200 फूट उंचीवर निर्णय. धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले तर उतरा, नाहीतर पूर्ण पॉवर देऊन वर. सरावात अनेकदा मुद्दामच वर जातात. माझ्या लेखी वैमानिकाचा कस इथेच लागतो: इतकं सुरेख जुळवून आणलेलं क्षणात सोडून देता यायला हवं.

भारतात इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी, म्हणजे फक्त उपकरणांच्या भरवशावर उडण्याच्या परवानगीसाठी, असे 40 तास लागतात; त्यांतले 20 सिम्युलेटरवर चालतात. मोलाचे मात्र आकाशातले 20. जमिनीला खिळलेल्या सिम्युलेटरमध्ये सुया तंतोतंत तशाच हलतात, पण शरीराला खोटं बोलायची संधीच मिळत नाही.