रेव्हरंड टिळकांच्या अभंगांतील कृपाविचार

नांदेड-लातूरकडील वाचकांस ‘कृपा’ हा शब्द नवा नाहीं. नांदेडच्या वरच्या बाजूस, गोदाकांठींच, जनाबाईचें गंगाखेड आहे; दासीच्या जात्याशीं विठ्ठल स्वतः येऊन बसतो, ही कथा त्या मुलखांत घरोघर ठाऊक आहे. तिच्या पदरीं ना कुळाचा मान, ना शास्त्राचें ज्ञान. देव आला तो आपल्याच प्रीतीनें. अशा वाचकानें नारायण वामन टिळकांची ‘अभंगांजलि’ उघडली, तर त्यास ती परकी वाटणार नाहीं. परंतु ही ओळख पुरती खरी आहे काय, हें पाहिलें पाहिजे.

मनुष्याचें तारण देवाकडूनच होतें, पुण्याच्या मोबदल्यांत तें मिळत नाहीं, असें ख्रिस्ती मत आहे. पौलाच्या पत्रांतील हा विचार पांचव्या शतकांत ऑगस्टीननें पेलॅजिअसविरुद्ध मांडला; सोळाव्या शतकांत ल्यूथरनें त्याच्याच बळावर युरोपांतील धर्मसत्ता हालविली. आपल्याकडे रामानुजांच्या अनुयायांतही असाच वाद होऊन गेला. माकडाचें पिलूं आईस आपण घट्ट धरतें. मांजराच्या पिलास आईच तोंडांत धरून नेते. पैकीं दुसरा दृष्टांत ह्या ख्रिस्ती मतास अधिक जवळचा आहे.

आतां अडचण अशी कीं, अभंगाचा जीव भक्ताच्या तळमळींत असतो. तो हांक मारतो, रुसतो, भांडतो; देवास घट्ट धरतो. ज्या काव्यप्रकारांत हें धरणेंच सर्वस्व, त्यांत ‘माझ्या धरण्यानें कांहींच होत नाहीं’ हें कसें सांगावें? तुकारामाच्या वाटेनें आपण ख्रिस्ताकडे आलों असें मानणाऱ्या टिळकांपुढें हा पेंच होताच. जेथें ते मत समजावूं लागतात, तेथें अभंगाचें प्रवचन होतें. पण जेथें ख्रिस्तास माउली म्हणून ते लेकराच्या मुखानें बोलतात, तेथें पेंच आपोआप सुटतो. तान्हें रडतें खरें, परंतु रडणें ही दुधाची किंमत नव्हे. एवढें मात्र विसरूं नये कीं, विठोबा युगानुयुगें विटेवर उभा आहे, आणि ख्रिस्ती कृपा क्रूसावर एकदांच घडलेल्या मरणाशीं बांधलेली आहे. दोन्ही एकच म्हणणें हा दोहोंवरही अन्याय होय.

टिळकांनीं हा विचार काव्यापुरता ठेवला नाहीं. १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतलेल्या ह्या कवीनें १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यांत बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसही जागा होती. तारण जर देवाचेंच, तर मंडळीच्या वहींतील नांव ही त्याची अट कशी? कृपेसही एखादें पात्र लागतें, मंडळी लागते, हा आक्षेप वजनदार आहे. परंतु १९१९ सालीं टिळक वारले आणि त्या प्रयोगाची पुरती कसोटी लागली नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. टिळकांच्या धर्मांतरानें लक्ष्मीबाईंस वियोग व मनस्ताप सोसावा लागला; त्या स्वतः १९०० सालीं ख्रिस्ती झाल्या. कृपा देवाची, पण तिचा भार घरच्या माणसांनीं वाहिला. तो किती होता, हें अभंगांवरून कळत नाहीं. तें लक्ष्मीबाईंचीं ‘स्मृतिचित्रें’ सांगतात. म्हणून हीं दोन पुस्तकें शेजारीं शेजारीं ठेवूनच वाचावींत, असें आमचें मत आहे.