तुकोबांची खतं, तुकोबांच्या वह्या : 'वैराग्य' हा शब्द जरा जपून

मागच्या महिन्यात मी प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाचा कच्चा खर्डा गाईडना दिला. त्यात एक वाक्य मी फार खुशीत लिहिलं होतं : 'भक्तीमुळे तुकोबांच्या लेखी ऐहिक वस्तूंचं मोल शून्य झालं.' पुरावा म्हणून इंद्रायणीत बुडवलेल्या कर्जखतांची गोष्ट दिली होती. खर्डा परत आला तेव्हा त्या वाक्याशेजारी पेन्सिलीनं एवढंच लिहिलेलं : 'आणि भावाचा वाटा?'

त्या तीन शब्दांनी माझं अख्खं प्रकरण बसलं. तुमचं बसू नये म्हणून हे लिहितोय.

गोष्ट तुम्हाला माहीत आहेच. देहूचं हे घर वाण्याचं, घरात महाजनकी आणि सावकारी. लोकांनी लिहून दिलेली खतं घरात होती. विठ्ठलाकडे मन लागल्यावर तुकोबांनी ती नदीत बुडवायला काढली. पण धाकटा भाऊ कान्होबा आडवा आला. तुम्ही साधू झालात, मला प्रपंच चालवायचाय, असं त्याचं म्हणणं. मग खतांचे दोन वाटे झाले. कान्होबाचा अर्धा वाटा त्याच्या हाती दिला आणि तुकोबांनी फक्त आपला वाटा बुडवला.

आपण ही गोष्ट सांगताना मधला वाटणीचा भाग गाळतो. गाळला की 'सगळं सोडलं' हे वाक्य छान बसतं. पण तो भाग ठेवून पाहा. खतं तुकोबांच्या लेखी नुसती रद्दी असती, तर अर्धी मोजून देण्याचं कारणच नव्हतं. दिली, कारण त्यांवर दुसऱ्याचा हक्क होता. इथे वस्तूचं मोल शून्य झालेलं नाही. बदललाय तो 'यातलं माझं काय' हा हिशेब. माझ्या वाट्यापुरती मी ऋणको माणसाला मोकळीक देईन, तुझ्या वाट्याचं पुण्य मी करणार नाही. याला वैराग्य म्हणा हवं तर, पण हे हिशेब सोडलेल्या माणसाचं वैराग्य नाही.

आता साधनांकडे या. ही गोष्ट कुठून येते? मुख्यतः महिपतीकडून. त्याचा 'भक्तविजय' १७६२चा, 'भक्तलीलामृत' १७७४चं. तुकोबा गेले १६५०च्या सुमारास. म्हणजे मध्ये शंभराहून जास्त वर्षं. तुकोबांनी स्वतःबद्दल सांगितलेला जो प्रसिद्ध आत्मपर अभंग आहे, त्यात दुष्काळानं द्रव्य आटलं, मान गेला, एक बायको अन्न अन्न करत मेली, व्यवसायात तूट आली, पडकं देऊळ दुरुस्त केलं, हे सगळं येतं. खतांचा उल्लेख नाही. तेव्हा खतांची गोष्ट वापरायची तर 'अठराव्या शतकातल्या भक्तपरंपरेला तुकोबा असे दिसले' इतकंच म्हणा. 'तुकोबांनी असं केलं' हे वाक्य त्या आधारावर उभं राहत नाही.

त्याच अभंगात एक गोष्ट मात्र आहे, आणि ती मी दोन वर्षं वाचूनही बघितली नव्हती. वह्या बुडवल्या आणि मी धरणं धरून बसलो, असं तुकोबा सांगतात. गाथेत दुसरीकडे तेरा दिवसांच्या उपासाचा उल्लेख येतो. आता दोन्ही प्रसंग शेजारी ठेवा. नदी तीच, माणूस तोच, बुडतात ते कागदच. एका गठ्ठ्यासाठी तो मागे वळून बघत नाही. दुसऱ्यासाठी अन्नपाणी सोडून देवाच्या दारात अडून बसतो. धरणं तरी कुठला शब्द? येणं वसूल करायला ऋणकोच्या दाराशी बसायची ती रीत. सावकाराच्या घरातला मुलगा देवाकडे थकबाकी मागतोय! ऐहिक वस्तू 'निर्मोल' झाल्या असत्या तर वह्याही गेल्या काय, राहिल्या काय, सारखंच असतं.

म्हणून माझं आता म्हणणं असं : श्रद्धा वस्तूंचं मोल पुसत नाही, ते हलवते. एका कागदावरून काढून दुसऱ्यावर ठेवते. गाथेतही हे दिसतं. सोनं आणि माती आम्हाला सारखी, असं एक अभंग म्हणतो. धन चोख व्यवहारानं मिळवा आणि मन न गुंतवता खर्च करा, असं दुसरा. आमच्या घरचं धन म्हणजे शब्द, असं तिसरा. यातला पहिला उचलून 'तुकोबा धनविरोधी' म्हणणारा प्रबंध आणि दुसरा उचलून 'तुकोबा प्रपंचवादी' म्हणणारा प्रबंध, दोन्ही सारखेच अर्धे. साडेचार हजारांहून जास्त अभंगांच्या गाथेतून सोयीचा एक अभंग कुणालाही सापडतो.

एक प्रश्न मात्र माझ्याही नव्या खर्ड्यात सुटलेला नाही, तो तुमच्यापासून लपवत नाही. मोल हलतं तेव्हा किंमत कोण भरतं? कान्होबाला निदान वाटा मिळाला. जिजाईला विचारलं का कुणी? परंपरेनं तिला कजाग ठरवलं आणि आपण संशोधकांनीही ते तसंच उचललं. पण गाथेत तुकोबांच्या बायकोच्या कठीण बोलण्याचे अभंग आहेत. घरात खायला काय, हा तिचा हिशेब त्यांत ऐकू येतो. तो अडाणीपणा म्हणून बाजूला सारला, तर आपण श्रद्धेचा अभ्यास करत नाही, फक्त श्रद्धावंताची बाजू घेतो.

तुम्ही सिनॉप्सिस लिहिताय ना? विषय तुकोबा नसतील, हरकत नाही. 'श्रद्धेमुळे त्याग' असं वाक्य लिहून झालं की पेन खाली ठेवा आणि विचारा : नेमकं काय सोडलं, काय धरून ठेवलं, कुणाच्या वाट्याचं सोडलं, आणि हे मला कुणी, किती वर्षांनी सांगितलं?

माझं ते खुशीतलं वाक्य मी खोडलं. पेन्सिलीचे तीन शब्द तसेच ठेवलेत.