डीजेचा रियाज

संयोजकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही म्हटलं, रियाज. त्यांना वाटलं, आता हे गृहस्थ किराणा आणि जयपूर घराणं काढणार. आम्ही म्हटलं, तसं नाही, डीजेचा रियाज. फोनवर थोडा वेळ कुणी बोललंच नाही. (हशा)

हसण्याचं कारण आम्हाला कळतं. तबलजी रोज किती तास बसतो, पहिलवान किती जोर मारतो, हे आपण आवर्जून विचारतो. डीजेला मात्र विचारत नाही. आमचं निरीक्षण असं आहे की आपल्याकडे डीजे हा माणूसच उरलेला नाही. मूळ शब्द डिस्क जॉकी, म्हणजे तबकड्या हाताळणारा माणूस. पण इथे केळापुरात किंवा पांढरकवड्यात एखाद्या वरातीत उभे राहा. लोक काय म्हणतात? 'डीजे आणला', 'डीजे लावला', 'यंदा डीजे मोठा होता'. माणसाविषयी आपण असं बोलतो का? डीजे म्हणजे गाडीवर रचलेली बेस-टॉपची भिंत, आणि तिच्यामागे जनरेटरच्या धुरात जो पोरगा उभा असतो तो 'ऑपरेटर'. आता भिंतीला रियाज कसला?

ही कला जिथे वाढली तिथली गोष्ट वेगळी आहे. 11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात कूल हर्क या 18 वर्षांच्या तरुणानं बहिणीच्या पार्टीत गाणी लावली. हिप-हॉपचा जन्म त्या रात्रीपासून मोजतात. पुढे त्याच भागातला थिओडोर नावाचा शाळकरी पोरगा घरी सराव करत असताना आई आवाजावरून रागवायला दारात आली. तिचं बोलणं ऐकायला त्यानं फिरती तबकडी हातानं धरली, हात मागेपुढे झाला, आणि एक खरखरीत, तालात बसणारा आवाज आला. तोच आजचा 'स्क्रॅच'. हे तो स्वतःच सांगत आला आहे. मग कित्येक महिने तो आवाज त्यानं घरातच घोटला आणि नंतर लोकांसमोर आणला. म्हणजे पाहा, आई आवाज कमी कर म्हणाली आणि त्यातून नवं कसब जन्मलं. आमच्याकडे वरातीत एकच फर्माईश असते, 'वाढव!'

आता तासांकडे येऊ. 1993 साली अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या व्हायोलिन विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. सर्वांत चांगल्यांचा विसाव्या वर्षापर्यंतचा एकट्यानं केलेला सराव सरासरीनं 10 हजार तासांच्या घरात भरला. 2008 मध्ये माल्कम ग्लॅडवेल यांच्या पुस्तकानं तो आकडा जगभर नेला, आणि आम्हीही वर्गात तो पोरांच्या डोक्यावर पुष्कळ मारला. चूक झाली. एरिक्सन पुढे सांगत राहिले की तासांच्या बेरजेनं काही होत नाही. उणीव हेरून ती दुरुस्त करण्यात गेलेला तास तेवढा सरावाचा. ॲरिस्टॉटलनं हे कधीच ओळखलं होतं. वीणेसारखं वाद्य वाजवूनच माणूस चांगला वादक होतो, आणि वाजवूनच वाईटही होतो, असं तो नीतिशास्त्रात दाखवतो. आपल्या पतंजलींनी तर अभ्यासाला तीन अटी घातल्या: दीर्घ काळ, खंड नको, आणि आदर हवा. तिसरी अट आपण नेहमी विसरतो.

या अटी मनात ठेवून आम्ही तालुक्यातल्याच एका ऑपरेटर पोराला गाठलं. वय बावीस-तेवीस. आम्ही विचारलं, बाबा, किती वेळ देतोस? तो म्हणाला, "सीझनमंदी साठेक राती तं होतेच सर, राती पाचेक तास." हिशोब केला, वर्षाला 300 तास. दहा हजार व्हायला तेहतीस वर्षं! (हशा) पण पुढचं ऐका. आम्ही विचारलं, यातला सराव किती? तो आमच्याकडे पाहतच राहिला. म्हणाला, "चुकून पाहाले जागा कुठं हाय सर?"

आम्ही चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, पण सरावाची इतकी नेमकी व्याख्या आम्हाला सुचली नव्हती. ज्या तासात चुकायची मुभा आहे तो सरावाचा तास. वरातीत ती मुभा नाही. गाणं अडकलं तर नवरदेवाचे मित्र गाडीवर चढतात. मशीन मालकाच्या घरी कुलपात. लग्नं थांबतात पावसाळ्यात, तेव्हा रियाजाला निवांत वेळ मिळावा, तर नेमकी पेरणी, डवरणी, निंदण. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणी, आणि तुळशीचं लग्न लागलं की पुन्हा गाडीवर. पुण्याची ढोल-ताशा पथकं गणपतीआधी काही आठवडे नदीकाठी सराव करतात, हे आम्हाला कुणी लगेच ऐकवेल. करतात, आणि चांगलंच करतात. पण त्यातल्या बहुतेकांची चूल ढोलावर पेटत नाही. आपल्याजवळचं उदाहरण परधानांचं. किंगरी वाजवून गोंडांच्या कथा सांगणारी ही परंपरा, तिथे पोरगं बापाशेजारी बसून बसून शिकत असे. ऑपरेटरच्या शेजारी कोण बसतं? केबल गुंडाळणारा दुसरा पोरगा.

त्या पोरानं मग हेडफोन आमच्या कानाला लावला. दोन गाणी, एकाचे मिनिटाला 100 ठोके, दुसऱ्याचे 106. पहिल्याची गती हळूहळू चढवत त्यानं दुसरं आत सोडलं. "सिंकचं बटन असते सर, पन म्या कानानं केलं." पहिल्यांदा आम्हाला सांधा कळलाच नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा कळला, आणि फार बरं वाटलं. कळायला तीन वेळा लागल्या, म्हणजे आमच्या कानाचाही रियाज कमीच.

इथे टीका आमच्यावर, म्हणजे ऐकणाऱ्यांवर येते. सुपारी देताना आपण विचारतो, बेस किती? आठ की दहा? हात कुणाचा, हे कोण विचारतं? ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम निवासी भागात दिवसा 55 डेसिबल म्हणतात, रात्री दहानंतर उघड्यावर बंदी घालतात. योग्यच आहे, आमच्या वयाच्या माणसाची छाती धडधडते. पण कायद्यालाही भिंतच दिसते आणि गिऱ्हाइकालाही भिंतच दिसते. ज्याचं कसब कुणी मोजत नाही, त्यानं ते कशाच्या जोरावर वाढवावं? तरी त्यानं कानानं सांधा जुळवला होता. कुणी सांगितलं नव्हतं, पैसे वाढणार नव्हते. पतंजलींची तिसरी अट त्याच्याजवळ होती. पहिल्या दोन पुरवणं त्याच्या हातात नाही.

निघताना आम्ही विचारलं, तुला काय हवं? त्याला वाटलं, आम्ही आणखी एक प्रश्नच विचारतो आहोत. मग म्हणाला, "पावसाळ्यात एक खोली, सांजच्याला दोन तास. बेस नको, लहान स्पीकर चालते." आता समोर बसलेल्यांपैकी कुणाकुणाची कापसाची गोदामं पावसाळ्यात रिकामी असतात, हे आम्हाला ठाऊक आहे. चहाच्या वेळी आम्ही त्या दाराजवळ उभे आहोत.