ठशाकडून हाताकडे

‘अनुकृती’ या शब्दात एक मूळ कृती गृहीत धरलेली असते. मूळ एक, नकला अनेक, आणि प्रत्येक नकल मुळाहून एक पायरी खाली, अशी ही उतरंड आहे. जपानी लाकडी ठशांच्या निसर्गचित्रांपुढे मात्र ती टिकत नाही. होकुसाई (1760–1849) किंवा हिरोशिगे (1797–1858) पातळ कागदावर रेखाटन करीत. कोरक्या ते चेरीच्या फळीवर पालथे चिकटवून रेषेभोवतालचे लाकूड कोरून काढी. या कोरण्यातच ते रेखाटन नाहीसे होई. पुढे प्रत्येक रंगाचा वेगळा ठसा, पाण्यात कालवलेले रंग आणि कागद पाठीमागून घासणारा छपाईकाराचा हात यांतून चित्र सिद्ध होई. ज्याला ‘मूळ’ म्हणावे ते नष्ट झाल्यावरच चित्र जन्माला येते. आणि जन्मते तेच अनेक प्रतींत.

अशा चित्राची रंग-कुंचल्याने केलेली प्रतिकृती म्हणजे नेमके काय, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा ठरतो. महाराष्ट्राला अनुकृतीच्या दोन वाटा परिचित आहेत. जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी 1872 ते 1885 या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या, त्या झिजत चाललेले जतन करण्यासाठी. राजा रविवर्मा यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तेथे एकेका तैलचित्राच्या असंख्य रंगीत प्रती निघाल्या, त्या प्रसारासाठी. ठसाचित्राच्या हस्तांकित प्रतिकृतीला यांपैकी कोणतेही प्रयोजन नाही. जे अनेक आहे त्याला ती एकटे करते, जे स्वस्त होते त्याला दुर्मिळ करते. तिचे समर्थन करायचे तर ते वाचन म्हणूनच करता येईल. एका माध्यमाने दुसऱ्या माध्यमाचे केलेले वाचन, हीच तिची कसोटी.

या कसोटीवर व्हिन्सेंट व्हॅन गॉगची 1887 मधील दोन चित्रे पाहण्याजोगी आहेत. दोन्ही कॅनव्हासवर तैलरंगांत असून ‘एदोची शंभर प्रसिद्ध दृश्ये’ या हिरोशिगेच्या मालिकेतील 1857 च्या दोन चित्रांवर आधारलेली आहेत. त्यांपैकी पहिल्यात शिन-ओहाशी पुलावर अचानक सर कोसळते आहे. हिरोशिगेच्या चित्रातील पावसाची प्रत्येक धार ही कोरून उरलेली रेषा आहे. भोवतालचे सारे लाकूड काढून टाकल्यावर जे शिल्लक राहिले तो पाऊस. त्याच्या बारीक, ताठ आणि निर्विकार सरींचा गारवा या वजाबाकीतून येतो. व्हॅन गॉगला हा मार्ग उपलब्ध नव्हता. तैलरंगात धार कोरून उरत नाही, ती वरून घालावी लागते. त्याने धारा एकेक करून रंगवल्या, पाण्याला जाड फटकाऱ्यांची हालचाल दिली आणि रंग मुळाहून भडक केले. परिणामी गारवा गेला. त्या जागी अस्वस्थता आली. मूळ चित्रातील माणसे पावसात सापडली आहेत. येथे पाऊसच अस्वस्थ आहे. हे साम्य नव्हे, पण वाचन निश्चितच आहे, कारण बदल माध्यमाच्या गरजेतून उगवला आहे.

कामेइदोच्या प्लमच्या बागेच्या चित्रात त्याची मर्यादाही दिसते. कडेला त्याने नारिंगी पट्टे घालून त्यांवर जपानी अक्षरे रंगवली. ती त्याला वाचता येत नव्हती. हिरोशिगेच्या चित्रात अक्षरांना काम आहे. ती मालिकेचे आणि स्थळाचे नाव सांगतात, चित्रकाराची सही देतात. येथे अक्षरांचे केवळ नक्षीकाम झाले. बागेतील झाडाच्या वाकड्या खोडाला त्याने समजून उत्तर दिले; अक्षरांपुढे मात्र तो प्रवाशाच्या कौतुकाने थांबला.

होकुसाईच्या ‘महालाटे’च्या आज बाजारात मिळणाऱ्या हस्तांकित प्रती बहुधा या मर्यादेच्याही अलीकडे राहतात. चीनमधील दाफेनसारख्या चित्रवस्त्यांतून जगभर गेलेल्या नकलांच्या व्यवसायात ‘हाताने रंगवलेले’ ही बिरुदावली श्रेष्ठतेची खूण म्हणून मिरवली जाते. ती फसवी आहे. ठसाचित्रही हातचेच असते. आकाशातील विरत जाणारी छटा छपाईकार प्रत्येक वेळी ओल्या ठशावरचा रंग पुसून साधतो. त्यामुळे दोन प्रतींतील छटा तंतोतंत जुळत नाही. छायाचित्रावरून उतरवलेली नकल ही छटा गुळगुळीत करते, म्हणजे हाताच्या नावाने हाताचाच पुरावा पुसते. शिवाय मूळ चित्र सुमारे 25 बाय 37 सेंटिमीटरचे, हाती धरून पाहण्याचे. त्यात फुजी पर्वत लाटेच्या पोकळीत इवलासा दिसतो आणि पाहणाऱ्याची नजर जवळ ओढतो. तेच चित्र भिंतभर केले की लाट मोठी होते, पण फुजीचे दूरपण हरवते.

मराठी वाचकाला यात अनोळखी काही नाही. ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये गीतेचे सातशे श्लोक सुमारे नऊ हजार ओव्यांत आणले. श्लोकाचा आटोपशीर घाट ओवीला पेलणार नाही, हे ओळखून त्यांनी ओवीला तिच्या चालीने विस्तारू दिले. मुळाशी निष्ठा असणे आणि मुळासारखे दिसणे या भिन्न गोष्टी आहेत, हे मराठीने तेथेच पाहिले. ठसाचित्राच्या प्रतिकृतीलाही हाच न्याय लावावा लागेल. कुंचल्याने लाकूड असल्याचा बहाणा केला, तर एक सुबक वस्तू हाती येईल. लाकडाने जे वजा करून मिळवले ते भर घालून कसे मिळवावे, असा प्रश्न कुंचल्याला पडला, तर ती प्रतिकृती, सदोष असली तरी, चित्रांच्या परंपरेत बसते. व्हॅन गॉगची सर म्हणूनच हिरोशिगेच्या सरीशेजारी ठेवून पाहता येते. तिच्यामुळे मूळ सरीचा संयम अधिक स्पष्ट दिसतो.