गाठीभोवतीचे लिग्नोकेन : स्तनकर्करोगाच्या एका भारतीय चाचणीची चिकित्सा

सावलीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी जखमेला टाके घालण्यापूर्वी जे औषध टोचले जाते, तेच लिग्नोकेन स्तनकर्करोगाच्या शस्त्रक्रियेपूर्वी गाठीभोवती टोचल्यास रुग्ण स्त्रीचे आयुर्मान वाढते, असा निष्कर्ष मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ साली ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’मध्ये मांडला. ज्यावर कोणत्याही कंपनीचा एकाधिकार नाही अशा औषधाविषयीचा हा निष्कर्ष असल्याने त्याचे मोठे स्वागत झाले. ते योग्यच होते; मात्र या चाचणीने नेमके काय सिद्ध केले, याची चिकित्सा स्वागताच्या भरात मागे पडू नये.

चाचणीची आखणी साधी व भक्कम आहे. २०११ ते २०२२ या काळात देशातील ११ केंद्रांमध्ये स्त्रियांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी करण्यात आली व १,५८३ स्त्रियांच्या माहितीचे विश्लेषण झाले. एका गटात गाठीच्या सर्व बाजूंनी ०.५ टक्का लिग्नोकेन टोचून ७ ते १० मिनिटांनी शस्त्रक्रिया केली गेली. दुसऱ्या गटात टोचण्याविना. पाच वर्षांनी रोगमुक्त जगण्याचे प्रमाण अनुक्रमे ८६.६ व ८२.६ टक्के, तर एकूण जगण्याचे प्रमाण ९०.१ व ८६.४ टक्के आढळले. म्हणजे सुमारे २७ स्त्रियांना हे औषध टोचले असता पाच वर्षांच्या अखेरीस एक अधिक स्त्री जिवंत राहते. औषधामुळे अपाय झाल्याची नोंद नाही. कर्करोगावरील कित्येक महागड्या औषधांनाही इतका लाभ दाखविता आलेला नाही.

तथापि, दुसऱ्या गटाला काहीच टोचले गेले नाही, ही या आखणीतील खरी उणीव होय. तेथे मिठाचे निर्जंतुक पाणी टोचले असते, तर लाभ औषधाचा की गाठीभोवती साचलेल्या द्रवाचा, हे वेगळे करता आले असते. मृत्यूची नोंद डॉक्टरांच्या मतावर अवलंबून नसते, त्यामुळे पक्षपाताची शंका बरीच कमी होते. कार्यकारणभावाचा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. पेशींच्या आवरणातील सोडियमच्या मार्गिका लिग्नोकेनमुळे बंद होतात व पेशींचे स्थलांतर रोखले जाते, हे स्पष्टीकरण प्रयोगशाळेतील निरीक्षणांवर आधारलेले आहे. या स्त्रियांमध्ये ते तपासले गेलेले नाही.

याच विषयावरील सेसलर व सहकाऱ्यांची चाचणी २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली होती. तीत २,१०८ स्त्रियांपैकी काहींना पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंचे बधिरीकरण व प्रोपोफॉल, तर इतरांना सेव्होफ्लुरेन व ओपिऑइड वेदनाशामके देण्यात आली. रोग उलटण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सुमारे १० टक्केच राहिले. दोन्ही चाचण्यांचे निष्कर्ष परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. एकीत औषध गाठीपासून दूर, तर दुसरीत थेट गाठीभोवती होते. परंतु मुंबईच्या निष्कर्षाला स्वतंत्र चाचणीचा दुजोरा मिळणे किती आवश्यक आहे, हे यावरून ध्यानात येते.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा रुग्णांच्या निवडीची आहे. रोग प्रारंभिक अवस्थेत असलेल्या व थेट शस्त्रक्रिया होणाऱ्या स्त्रियाच चाचणीत होत्या. गाठ मोठी झाल्यावर आलेल्या स्त्रीला बहुधा आधी केमोथेरपी दिली जाते, आणि तिच्याविषयी ही चाचणी मौन बाळगते. सावलीहून वैनगंगा ओलांडली की लागणाऱ्या गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी केलेले सर्वेक्षण १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, पण पूर्वी कधी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के. ते सर्वेक्षण जुने व वेगळ्या आजारांचे असले, तरी दुखणे अंगावर काढण्याच्या ज्या सवयीकडे ते निर्देश करते, ती या परिसरातील वाचकांना अपरिचित नाही. स्तनातील गाठ दुखत नाही; म्हणून तर ती अधिकच लपते.

तेव्हा ‘स्वस्त औषध, म्हणून ग्रामीण स्त्रीला लाभ’ हे समीकरण घाईचे ठरते. लिग्नोकेनची बाटली तालुक्यात आहेच. जिच्यासाठी ती उपयोगी पडेल ती स्त्री चंद्रपूर वा नागपूरच्या शस्त्रक्रियागृहात पोहोचते तेव्हा बहुधा चाचणीच्या निकषांबाहेर गेलेली असते. केमोथेरपीनंतर शस्त्रक्रिया होणाऱ्या स्त्रियांवर, मिठाच्या पाण्याच्या तुलना-गटासह, अशीच चाचणी होणे अगत्याचे आहे. आणि तिच्या केंद्रांत महानगरांबरोबर विदर्भातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचाही समावेश असावा.