एका पायावरची बासरी

जेथ्रो टल हे कुणा गायकाचे नाव असावे, असे मी कितीतरी दिवस समजत होतो. मडगावच्या एका मित्राचे वडील तारवटी होते. त्यांनी परदेशातून आणलेल्या दोन तबकड्यांवरून मित्राने मला नव्वद मिनिटांची एक कॅसेट भरून दिली. एका बाजूला 'साँग्ज फ्रॉम द वुड' (१९७७), दुसऱ्या बाजूला 'हेवी हॉर्सेस' (१९७८). कव्हर नाही, नावे नाहीत. कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने नुसते 'टल' लिहिलेले. आमच्या टिळकवाडीतल्या घरात मन्सूर आणि भीमसेन ऐकले जात. त्या घरात ही कॅसेट मी रात्री, आवाज बारीक करून ऐकत असे.

नावाचा उलगडा पुढे झाला, आणि तो ऐकून मी थक्क झालो. खरा जेथ्रो टल (१६७४–१७४१) हा इंग्लंडचा शेतकरी. बी फोकून पेरण्याऐवजी ओळीत पेरावे म्हणून १७०१ च्या सुमारास त्याने पेरणीचे यंत्र केले, आणि त्या ओळींमधून घोड्याने ओढायचे कोळपे फिरवावे असा आग्रह धरला. आमच्या खानापूर भागात कुरीने भात पेरणाऱ्या आणि पुढे कोळपे धरणाऱ्या माणसाला यात काय नवल? पण तिकडे त्याचे नाव झाले. १९६७च्या अखेरीस जमलेल्या या वाद्यवृंदाला कार्यक्रम मिळत नसत, म्हणून ही मंडळी वरचेवर नाव बदलून पुन्हा अर्ज करीत. इतिहासाची आवड असलेल्या एका एजंटाने हे नाव सुचवले, लंडनच्या मार्की क्लबने नेमके त्याच नावाला पुन्हा बोलावले, आणि ते कायमचे चिकटले. या अपघातात एक विलक्षण योग दडला होता. त्याकडे मी शेवटी येतो.

आरंभीचे जेथ्रो टल ब्लूजच्या वळणाचे होते. मग गिटारवादक बदलला, मार्टिन बार आला, आणि इयन अँडरसन या स्कॉटिश माणसाचा एकछत्री अंमल सुरू झाला. अँडरसनने आपली गिटार देऊन त्या बदल्यात फ्लूट घेतली होती. शिक्षण शून्य. फुंकता फुंकता गळ्यातून गुणगुणायचे, फुत्कारायचे, आणि एक पाय दुमडून उभे राहायचे. आपल्याला लगेच त्रिभंगी मुरलीधर आठवतो. पण ही लकब मुळात माउथऑर्गन वाजवताना लागलेली. पुढे मुलगी फ्लूट शिकू लागली तेव्हा आपली बोटे इतकी वर्षे चुकीची पडत होती, हे या गृहस्थांच्या ध्यानात आले, आणि प्रौढ वयात त्यांनी ती दुरुस्त केली! गुरुमुखी विद्येच्या आपल्या परंपरेत हे खपणार नाही. मला मात्र त्या फुत्कारातला रांगडेपणा कधी खोटा वाटला नाही.

'अ‍ॅक्वालंग' (१९७१) आणि 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' (१९७२) या दोन तबकड्यांवर त्यांची कीर्ती उभी आहे. दुसरीत दोन्ही बाजू मिळून एकच गाणे, चाळीस मिनिटांहून लांब. बडा ख्याल ऐकणाऱ्याला लांबीचे अप्रूप नसते. इथला विस्तार एका रागाचा नाही, सांध्यांचा आहे, आणि ते सांधे अप्रतिम आहेत. 'अ पॅशन प्ले' (१९७३) मात्र मला पेलत नाही. त्यात हुशारी फार आणि ओल कमी.

ओल आहे ती माझ्या कॅसेटवर. अँडरसन खेड्यात राहायला गेला आणि त्याने ही गाणी रचली. वर्ष १९७७! लंडनमध्ये पंकवाल्या पोरांनी धुमाकूळ घातला होता, आणि हा बाबा मॅन्डोलिन आणि पावा घेऊन वनदेवतांची गाणी म्हणतो आहे. समीक्षकांनी नाके मुरडली. माझा मित्रही म्हणे, 'हे नाटकी लोकगीत आहे. खरे लोकगीत पाहिजे तर फेअरपोर्ट कन्व्हेन्शन ऐक.' त्यांनी 'लीज अँड लीफ' (१९६९) मध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कवने विजेच्या गिटारीवर घेतली. टलने जुने एकही कवन घेतले नाही. सगळे स्वतः रचले. आपल्याकडे ग्रामीण साहित्यावर जो वाद झाला तोच हा वाद. शेतात न राबलेल्याने शेताचे लिहावे काय?

मित्राचे म्हणणे निम्मे खरे आहे, हे कबूल केले पाहिजे. 'हंटिंग गर्ल' आणि 'व्हेल्व्हेट ग्रीन' ही गाणी चावट, चतुर आणि बेतीव आहेत. पोशाख भाड्याने आणल्यासारखा वाटतो. पण त्याच बाजूला 'जॅक-इन-द-ग्रीन' आहे. मे महिन्याच्या मिरवणुकीत अंगभर पाला लेवून नाचणारा हा हिरवा माणूस. गाण्यातली सगळी वाद्ये एकट्या अँडरसनने वाजवली आहेत, आणि त्यात तो त्या हिरव्या माणसाला विचारतो की मोटाररस्ते आणि विजेच्या तारांनी आपली ताटातूट केली का. खोटे लोकगीत तारा आणि खांब झाकून ठेवते. इथे ते गाण्याच्या मध्यभागी उभे आहेत.

आणि 'हेवी हॉर्सेस'. नऊ मिनिटांचे हे शीर्षकगीत पियानोच्या साथीने हळू, जवळजवळ प्रार्थनेसारखे सुरू होते. मध्ये बॅरीमोर बार्लोचे ढोल चाल धरतात आणि गाणे दौडू लागते. डेव्हिड (आताच्या डी) पामरने बांधलेले तंतुवाद्यांचे साज आणि डॅरिल वेचे व्हायोलिन त्यावर चढते, आणि पुन्हा सगळे संथ होते. क्लाइड्सडेल, सफोक, शायर, पर्शरॉन अशी नांगराच्या घोड्यांची कुळे तो नावानिशी घेतो. (पर्शरॉन मूळचा फ्रेंच, आणि तबकडीची अर्पणपत्रिका मात्र ब्रिटनच्या देशी कष्टकरी घोड्यांना, असो.) निसर्गवर्णन असे फारसे नाहीच. वर्णन आहे ते कामाचे: घाम, चिखल, ओढ. ट्रॅक्टर आला, घोडे उरले थोडे. एक दिवस तेल आटेल तेव्हा पुन्हा यांचीच आठवण होईल, असेही तो म्हणतो. ही भविष्यवाणी मला थोडी सोपी वाटते. गाणे तिच्यावाचूनही उभे राहते.

आता तो योग. ज्या टलने घोड्याला कोळप्याला जुंपण्याचा आग्रह धरला, त्याच्याच नावाच्या मंडळींनी अडीचशे वर्षांनी घोड्याला निरोप द्यावा! अँडरसनने हे ठरवून केले असे मी म्हणत नाही. पण हे गाणे लंडनच्या फुलहॅममधल्या स्वतःच्या स्टुडिओत मुद्रित करणारा माणूस 'मी शेतकरी आहे' असा आव कुठेच आणत नाही. तो बांधावर उभा राहून पाहणारा आहे, आणि पाहतो आहे ते नीट पाहतो आहे. मित्राला मी हे उत्तर देत आलो. त्याला ते पटलेले नाही.

कॅसेट मिळाली त्याच्या दुसऱ्या वर्षी आजोबांनी गावची बैलजोडी विकली. बेंदराला त्या साली मातीचे बैल पुजले. मी सुटीला गेलो होतो, टेपरेकॉर्डर बरोबर होता. आजोबांना इंग्रजीचे अक्षर येत नव्हते. त्यांनी सोप्यात बसून हे गाणे पुरे ऐकले आणि विचारले, 'घोड्याचं हाय न्हवं?' दौडीच्या ठेक्यावरून ओळखले असेल. मग म्हणाले, 'बारीक कर. मशेरी लावतोय तिला त्रास हुतोय.' आजी हसली. मी आवाज बारीक केला, बंद केला नाही. पुढचे, शेवटचे, वाऱ्याच्या कोंबड्याचे गाणे लागले होते.